बापाचं ‘एसका’ आणि लेकीचा हॅशटॅग

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून जकार्ताला बदली होऊन तुम्हाला तीन महिने झालेत. हाताखाली बारा जण, सगळे बावीस ते तीसमधले. शहराबाहेरच्या एका जिल्हा कार्यालयात गोदामाच्या परवान्याची फाइल अडकली आहे. टीममधल्या एका मुलीने वैतागून तिथल्या काउंटरचा व्हिडिओ टाकला आणि तेव्हापासून तिथले साहेब फोन उचलत नाहीत. मुलं म्हणतात, आता खरंच व्हायरल करू. कंपनीची सरकारी कामं बघणारे तुमचे छप्पन वर्षांचे ‘पाक’ (वडीलधाऱ्या पुरुषाला तिथे असं म्हणतात) सांगतात, मुलीला घेऊन जाऊ आणि माफी मागू. शिवाय सरकारी नोकरांची दिवसभर टर उडवणारी हीच मुलं सरकारी भरतीचे अर्ज भरताना दिसली, म्हणून तुम्ही चक्रावलात. कोणाचं ऐकावं, असं तुम्ही विचारताय.

दोघांचंही अर्धं ऐका आणि दोघांनाही सोबत न्या. कसं, ते पुढे सांगते. पण हे भांडण मुळात कशाचं आहे हे कळल्याशिवाय त्या कार्यालयाची पायरी चढू नका. मी २००७ साली बांडुंगजवळच्या एका कापड कारखान्यात परवाने आणि कामगार खात्याची कामं बघायला गेले. कारखाना सोडल्यावर अकरा वर्षं जिल्हा आणि शहर प्रशासनांच्या सेवाकेंद्रांतल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्यात गेली. काउंटरच्या दोन्ही बाजूंना मी बसले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

इंडोनेशियात सरकारी नोकराला ‘पेएनएस’ म्हणतात. नोकरी पक्की झाली की त्याला नेमणुकीचा आदेश मिळतो, ‘सुरात कपुतुसान’. बोलताना सगळे नुसतं ‘एसका’ म्हणतात. हा कागद बँकेत ठेवला की कर्ज मिळतं आणि हप्ता परस्पर पगारातून कापला जातो. या व्यवहाराला तिथल्या लोकांनी फार सुंदर शब्द काढलाय: ‘एसका शाळेत घातलं’. कागद बँकेच्या शाळेत गेला, शिकून घरी कधी येईल ते देवाला ठाऊक. घर, मोटरसायकल, पोरांची फी, थोरलीचं लग्न, सगळं त्या एका कागदावर. पेएनएस जावई मिळावा म्हणून सासूसासरे का झुरतात, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

माझ्या एका तरुण सहकारी मुलीचे वडील मध्य जावात जिल्हा कार्यालयात होते. त्यांच्या नोकरीची बहुतेक वर्षं त्यांचं एसका बँकेतच होतं. तिची विद्यापीठाची फी त्यातूनच गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये भ्रष्टाचारविरोधी आयोगाच्या, म्हणजे केपीकेच्या, कायद्यात बदल करून त्याचे दात काढले गेले आणि देशभर विद्यार्थी रस्त्यावर आले. ही संसदेसमोर होती. टीव्हीवर गर्दी बघून वडिलांनी फोन केला: ज्या सरकारने तुला शिकवलं त्याच्याविरुद्ध ओरडतेस? ती म्हणाली, सरकारने नाही, तुम्ही शिकवलंत, आणि त्याचे हप्ते अजून फिटलेले नाहीत. पुढे दोन महिने बापलेक बोलत नव्हते.

मला विचाराल तर सगळं भांडण या दोन वाक्यांत आहे. बापाच्या मनात पगार, मान, निवृत्तिवेतन हे सगळं वरून मिळालेलं दान आहे आणि त्याची परतफेड निष्ठेने करायची असते. लेकीच्या मनात ते कामाचं मोल आहे, लोकांच्या करातून आलेलं, म्हणून लोकांनी हिशेब मागायचाच. आणि दोघं एकाच घरात, एकाच कर्जावर जगतात. सरकारी माणूस एकीकडे आणि शहरी तरुण दुसरीकडे, असे दोन तट बाहेरून दिसतात खरे, पण रमजान ईदला गावी गेलं की दोघं एकाच सतरंजीवर जेवायला बसलेले असतात.

वडिलांची बाजू कुठून येते तेही सांगते. जावाच्या राजदरबारातल्या कारभाऱ्यांना ‘प्रियायी’ म्हणत. हा शब्द राजाच्या धाकट्या भावंडांवरून आल्याचं मानतात. डच राजवटीने याच वर्गाला हाताशी धरून कारभार चालवला. त्या देशी अधिकारीवर्गाचं नाव होतं ‘पांग्रेह प्राजा’, म्हणजे राज्य हाकणारे. स्वातंत्र्यानंतर ते बदलून ‘पामोंग प्राजा’ केलं, म्हणजे सांभाळणारे. नाव बदललं तरी खुर्चीची उंची तीच राहिली. मग राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या काळात २९ नोव्हेंबर १९७१ ला सगळ्या सरकारी नोकरांची ‘कोरप्री’ ही एकच संघटना झाली. ‘एकनिष्ठा’ या नावाखाली नोकरासकट त्याच्या घरच्यांचं मत गोलकार या सत्ताधारी संघटनेला जाणार हे गृहीत धरलेलं असे. ‘असाल बापाक सनांग’, म्हणजे साहेब खूश तर सगळं ठीक, ही म्हण त्याहून जुनी. पण सुहार्तोंच्या ३२ वर्षांत ती हाडात मुरली. मे १९९८ मध्ये विद्यार्थ्यांनी संसदेच्या घुमटावर चढून ती राजवट संपवली आणि १९९९ मध्ये सरकारी नोकरांना पक्षाचं सदस्यत्वच बंद झालं.

इथे एक गोष्ट तुमच्या टीममधल्या मुलांना आवर्जून सांगा. १९९८ मध्ये विशीत असलेली मंडळी आज पन्नाशीला टेकली आहेत. बहुतेक सरकारी नोकर ५८ व्या वर्षी निवृत्त होतात, म्हणजे तीच पिढी आज विभागप्रमुखाच्या खुर्चीत आहे. त्यातल्या काहींनी तेव्हा घोषणा दिल्या होत्या. मी अशा साहेबांसोबत प्रशिक्षणात बसले आहे. दुपारच्या चहाला ते त्या मे महिन्याच्या आठवणी काढतात, डोळे ओले होतात, आणि तीन वाजता हाताखालच्या पोराला ‘आधी परवानगी घेऊन बोल’ म्हणून गप्प करतात. त्यांना ढोंगी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पंचवीस वर्षं रोज ज्या जिन्याने चढायचं, त्या जिन्याची सवय पायांना लागते.

आता तुमचं कोडं: टर उडवायची आणि अर्जही भरायचा, असं का? कारण मुलांचा राग काउंटरवर आहे आणि विश्वास परीक्षेवर. एकेकाळी सरकारी जागा पैसे मोजून मिळतात हे घराघरात ठाऊक होतं. गेल्या दशकाच्या सुरुवातीला भरतीची परीक्षा संगणकावर आली. उत्तर दिलं की गुण वाढतात आणि ते गुण बाहेर पडद्यावर आईबापांना त्याच क्षणी दिसतात. मी एका केंद्राबाहेर उन्हात उभ्या असलेल्या आया बघितल्या आहेत, हातात जपमाळ आणि नजर पडद्यावर. वशिल्याला तिथे ‘ओरदाल’ म्हणतात, ‘ओरांग दालाम’चं छोटं रूप, म्हणजे आतला माणूस. ज्या देशात खासगी नोकरीलाही ओरदाल लागतो, तिथे ही परीक्षा मुलांना सर्वांत सरळ रांग वाटते. २०१८ मध्ये दोन लाख अडतीस हजार जागांसाठी सुमारे ३६ लाख अर्ज आले. २०२४ मध्ये अडीच लाख जागांसाठी ३९ लाखांहून जास्त. १५ ते २४ वयोगटातली बेरोजगारी २०२५ च्या सुरुवातीला १६ टक्क्यांच्या आसपास होती. पुण्यात शास्त्री रोडच्या अभ्यासिकांवरून जाताना आपल्या पोटात जे कालवतं, तेच इथे कालवेल.

निवड झाल्यावर पुढे काय होतं, ते मात्र पोरांनाही आधी माहीत नसतं. पदवीधर नव्या नोकराचा मूळ पगार २०२४ च्या दरांनी २७ लाख ८५ हजार ७०० रुपिया (इंडोनेशियाचं चलन, आपला रुपया नव्हे), आणि पक्कं होईपर्यंत त्याचेही ८० टक्केच. जकार्ताचं २०२५ चं किमान वेतन ५३ लाख ९६ हजार ७६१ रुपिया. भत्त्यांनी ही दरी भरते, पण कुठे भरते आणि कुठे नाही हे कार्यालयावर अवलंबून. श्रीमंत शहराच्या पालिकेत भत्ता पगाराच्या कितीतरी पट, दूरच्या बेटावरच्या जिल्ह्यात नावापुरता. २०२४ च्या भरतीत निवडलेल्यांपैकी १,९६७ जणांनी नेमणुकीआधीच माघार घेतली, अनेकांना घरापासून फार लांबची जागा मिळाली होती म्हणून. वडीलधारे म्हणाले, आजची पोरं नाजूक. पण त्याच सुमारास, मार्च २०२५ मध्ये, सरकारने त्या भरतीच्या नेमणुका ऑक्टोबरपर्यंत आणि कंत्राटींच्या मार्च २०२६ पर्यंत ढकलल्या होत्या. कित्येकांनी आधीची नोकरी सोडून ठेवली होती. इतका गदारोळ झाला की काही दिवसांतच तारखा जून आणि ऑक्टोबर २०२५ वर आणाव्या लागल्या. लिखित परीक्षेवरचा विश्वास लिखित आदेशाने मोडला, ही जखम मला १,९६७ च्या आकड्यापेक्षा खोल वाटते.

कार्यालयाच्या आत हा ताण कसा दिसतो? व्हॉट्सॲपचा ग्रुप उघडून बघा. साहेबांनी काही लिहिलं की खाली ‘सियाप, पाक’, ‘सियाप, पाक’ (तयार आहे, साहेब) अशा चाळीस ओळी. तरुणाला एखादी चूक दाखवायची असेल तर आधी ‘मोहोन इझिन’, परवानगी असावी. तरुण याला नाटक म्हणतात. पण जावानी भाषेत मोठ्यांशी बोलायची शब्दसंपदाच वेगळी आहे. वरिष्ठासमोर वाटणाऱ्या संकोचाला तिथे ‘एवुह पाकेवुह’ म्हणतात आणि तो संस्काराचा भाग मानतात. आपल्याकडे सासऱ्यांसमोर पाय पसरून कुणी बसत नाही, तसंच. त्यामुळे सगळाच नमस्कार हुजरेगिरीचा असतो असं मी मानत नाही. नमस्कारापुढे कामच थांबलं, तर तक्रार योग्य.

आणि काम खरोखर कुठे थांबतं, ते डिस्पोसिसीपाशी, म्हणजे वरिष्ठाच्या आदेशाच्या चिठ्ठीपाशी. ही तुमच्या फाइलची किल्ली आहे. तुमचं पत्र काउंटरवर दिलं की ते संबंधित टेबलावर जात नाही. आधी थेट कार्यालयप्रमुखाकडे जातं. तो त्याला जोडलेल्या चिठ्ठीवर दोन ओळी लिहितो: अमक्याने बघावं. मग ते उपप्रमुखाकडे, तिथून विभागाकडे, तिथून ज्याला खरं काम करायचंय त्या माणसाकडे उतरतं. प्रमुख दौऱ्यावर असेल तर चिठ्ठी थांबते. तुमच्या टीमला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटतो, आणि ‘अवघड करता येत असेल तर सोपं कशाला करायचं’ हे तिथलं प्रसिद्ध वाक्य मुलं त्यावर चिकटवतात. पण पन्नाशीच्या माणसाला ती चिठ्ठी चिलखतासारखी वाटते. उद्या लेखापरीक्षण आलं किंवा केपीकेची चौकशी लागली, तर ‘मला वरून सांगितलं होतं’ हे दाखवायला त्याच्याकडे तेवढाच कागद असतो. भ्रष्टाचाराविरुद्धच्या लढाईने चोर पकडले, त्याबरोबर प्रामाणिक माणसालाही सही करायची भीती घातली. ही भीती खरी आहे. ती ढाल म्हणून वापरणारे आळशीही खरे आहेत. दोघांतला फरक व्हिडिओत दिसत नाही.

२०१० मध्ये मी ही चूक केली होती. विभागातले गृहस्थ उत्तर देत नव्हते म्हणून मी थेट त्यांच्या प्रमुखांना ईमेल पाठवला आणि त्याची प्रत सर्वांना पाठवली. मजकुरात एक अक्षर खोटं नव्हतं. पण चारचौघांत मान खाली घालायला लागलेला माणूस पुन्हा आपल्या फाइलला हात लावत नाही. ते काम पुढे सात महिने रेंगाळलं आणि कारखान्यातल्या कामगारांच्या एका सुविधेला तेवढा उशीर झाला, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून व्हायरल करूच नये का? असं मी म्हणणार नाही, कारण कित्येकदा त्याशिवाय काही हललेलं नाही. ऑस्ट्रेलियात शिकणाऱ्या एका तरुणाने एप्रिल २०२३ मध्ये आपला लाम्पुंग प्रांत मागे का राहिला यावर टिकटॉक व्हिडिओ केला, खड्ड्यांच्या रस्त्यांसकट. त्याच्यावर पोलिसांत तक्रार झाली. गावाकडे त्याच्या आईवडिलांवर दबाव आल्याच्या बातम्या आल्या. पोलिसांनी पुढे प्रकरण थांबवलं, आणि मे महिन्यात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोकोवी स्वतः ते रस्ते बघायला गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत जकार्तात एका तरुणाने सतरा वर्षांच्या मुलाला बेशुद्ध होईपर्यंत मारलं. समाजमाध्यमांवरच्या मुलांनी मारणाऱ्याच्या खात्यावरची महागडी जीप आणि मोटरसायकल शोधली. बाप कोण हे शोधलं. बाप कर खात्यातला मध्यम दर्जाचा अधिकारी, राफाएल अलुन त्रिसामबोदो. अधिकाऱ्यांनी जाहीर केलेल्या मालमत्तेची नोंद सर्वांना खुली असते. मुलांनी ती उघडली, तर आकडा ५६ अब्ज रुपियाचा. जानेवारी २०२४ मध्ये भ्रष्टाचाराच्या खटल्यात या बापाला १४ वर्षांची शिक्षा झाली. एका पिढीने भरलेला तक्ता दुसऱ्या पिढीने वाचला, आणि वाचणारे आहेत हे सगळ्या खात्यांना कळलं. मला याचा अभिमान वाटतो.

पण आता तुमच्या टीमचा व्हिडिओ पुन्हा लावा आणि काउंटरमागे कोण आहे ते बघा. माझ्या अनुभवात तिथे बसणारा बहुतेक वेळा साहेब नसतो. तो ‘होनोरेर’ असतो, म्हणजे मानधनावरचा, किंवा नुकताच कंत्राटी करारावर घेतलेला. वय तुमच्या टीमइतकंच, पगार अनेक जिल्ह्यांत किमान वेतनाच्या खूप खाली. सही करायचा अधिकार त्याला नाही, चिठ्ठी कुठे अडकली हे सांगायचीही मुभा नाही, आणि शिव्या मात्र त्याच्याच तोंडावर. तुमच्या टीममधल्या मुलीचा राग रास्त आहे. कॅमेरा चुकीच्या माणसावर होता.

सरकारी नोकर म्हणजे एकजात वृद्ध आणि आज्ञाधारक, हेही मनातून काढा. २० जानेवारी २०२५ ला उच्चशिक्षण मंत्रालयाचे कर्मचारी काळे कपडे घालून आपल्याच मंत्र्याविरुद्ध अंगणात उभे राहिले. आमचा पगार राज्य देतं, आम्ही राज्याचं काम करतो, कुणाच्या घरचे गडी नाही, अशा अर्थाचा फलक त्यांच्या हातात होता. महिन्याभरात मंत्री बदलला. त्याच फेब्रुवारीत खर्चकपातीविरुद्ध ‘अंधारलेला इंडोनेशिया’ म्हणत विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि ‘आधी पळून तर जाऊ’ अशा अर्थाचा, देश सोडून जाण्याचा हॅशटॅग गाजला. त्यावर कामगार खात्याच्या उपमंत्र्यांनी जायचं तर जा, हवं तर परतही येऊ नका, असं सुनावलं. ऑगस्टमध्ये त्याच उपमंत्र्यांना सुरक्षा प्रमाणपत्रांसाठी पैसे उकळल्याच्या आरोपावरून केपीकेने अटक केली. त्याच महिन्याच्या शेवटी, खासदारांना महिना पाच कोटी रुपियाचा घरभत्ता मिळत होता यावरून पेटलेल्या आंदोलनात पोलिसांच्या चिलखती गाडीखाली एक एकवीस वर्षांचा मोटरसायकल टॅक्सीवाला मेला. त्या रात्री माझ्या जुन्या प्रशिक्षणार्थींच्या ग्रुपवर, जिथे एरवी फक्त ‘सियाप’ असतं, तिथे एका ज्येष्ठ बाईंनी लिहिलं, माझा मुलगाही तेच काम करतो. खाली कुणीच ‘सियाप’ लिहिलं नाही.

आता तुमचं काम. पाक म्हणतात तशी माफी मागा, पण तक्रारीबद्दल नको. ज्या कर्मचाऱ्याचा चेहरा दिसला त्याची, समोरासमोर, आणि ती मुलीनेच मागू दे. व्हिडिओ काढून टाका किंवा चेहरा झाका. कायद्याचं म्हणाल तर २९ एप्रिल २०२५ ला घटनात्मक न्यायालयाने निकाल दिलाय की ऑनलाइन बदनामीचं कलम सरकारी संस्थेला वापरता येत नाही, फक्त व्यक्तीला. म्हणजे कार्यालयावर टीका करायला मोकळीक आहे, पण ओळखू येणारा माणूस अजूनही तक्रार करू शकतो.

जाताना अर्ज केल्यापासूनच्या सगळ्या तारखा एका पानावर, कंपनीच्या पत्रकागदावर, बहासा इंडोनेशियात लिहून न्या. सुरुवात पाकना करू द्या. हवापाणी, गाव, मुलंबाळं यांत वीस मिनिटं गेली तर घड्याळ बघू नका. मग मुलीने तारखा वाचाव्यात, आवाज न चढवता. तुम्ही एवढंच विचारा: डिस्पोसिसी सध्या कोणाकडे आहे? हा प्रश्न विचारणाऱ्याला यंत्रणा कळते, हे समोरच्याला लगेच समजतं, आणि त्यात कुणाचा अपमानही होत नाही. पत्र दिल्याची पोच क्रमांकासकट घ्या. ‘आभाराचे पैसे’ सुचवले गेले, तर पाकनी ‘कंपनीच्या नियमात बसत नाही’ एवढं म्हणून विषय बदलावा. त्यांना हे आधी बजावून ठेवा, त्यांच्या काळात ते चालून जात असे.

२००९ च्या लोकसेवा कायद्याप्रमाणे प्रत्येक सेवेची मुदत ठरवून जाहीर करावी लागते. ती भिंतीवरून टिपून घ्या. ती उलटली तर आधी त्याच कार्यालयात लेखी तक्रार, मग ‘लापोर’ या सरकारी तक्रार व्यवस्थेवर, मग ओम्बुड्समानकडे, म्हणजे सरकारी सेवांच्या तक्रारी तपासणाऱ्या यंत्रणेकडे. आधी कार्यालयाला कळवल्याचा पुरावा ओम्बुड्समान मागतोच, तिथे ती पोच उपयोगी पडेल. हे सगळं करूनही दार उघडलं नाही, तर मुलांना तारखांचा तो कागद खुशाल जगापुढे मांडू द्या. मी स्वतः पुढे पाठवीन.

मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास जा. सोमवारी हजेरीची कवायत असते, शुक्रवारी सकाळी व्यायाम आणि दुपारी नमाज. मुलीला लांब बाह्यांचा बातिक घालायला सांगा, आणि परतताना गाडीत पाकना त्यांच्या घरातल्या कुणाचं एसका अजून शाळेत आहे का ते विचारा. त्यांचे थोरले भाऊ किंवा बायको पेएनएस असतील, आणि टीममधल्या त्या मुलीचे आईवडीलही बहुधा.